बाळाचे व्हिटॅमिन डी: एक मिलिलिटर की एक थेंब?

अंगावर पिणाऱ्या बाळाला रोज ४०० आययू (व्हिटॅमिन मोजण्याचे आंतरराष्ट्रीय एकक), म्हणजे १० मायक्रोग्रॅम, व्हिटॅमिन डी द्यावे लागते, कारण आईच्या दुधात ते फारच थोडे असते. प्रश्न उरतो तो एवढाच, की ही मात्रा ड्रॉपरने एक मिलिलिटर मोजून द्यायची की तेवढीच मात्रा एका थेंबात सामावलेले तेलातले औषध आणायचे. आम्ही दोन्ही वापरून पाहिली.

मोजण्याच्या सोयीत मिलिलिटरवाले औषध उजवे आहे, हे मान्य करायला हवे. ड्रॉपरवर रेघ असते आणि जागरणाने डोळे जड झालेले असतानाही ती दिसते. ड्रॉपर मात्र त्याच बाटलीचा हवा. काही ड्रॉपरमध्ये ४०० आययूपेक्षा जास्त औषध मावते म्हणून अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये पालकांना सावध केले होते.

आमचे गाडे अडले ते गुळण्यांपाशी. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचा स्नायू पहिले काही महिने पुरता आवळत नाही, त्यामुळे प्यायलेले दूध सहज वर येते, आणि वजन नीट वाढत असेल तर त्यात काळजीचे फारसे काही नसते. पण ते गोड, दाटसर औषध तोंडात जाताच बाळ त्यातले बरेचसे जिभेने बाहेर लोटायचे आणि उरलेले थोड्या वेळाने दुधासोबत खांद्यावर यायचे. मग पोटात नक्की किती गेले आणि पुन्हा द्यावे की नाही, हा वाद रोजचा झाला. व्हिटॅमिन डी शरीरात साठून राहते, तेव्हा अंदाजाने दुसरी मात्रा देण्याचा धीर होत नाही. एखादा दिवस चुकला तर बिघडत नाही, हे कळते. पण रोजच शंका राहिली तर औषध देण्याला अर्थ काय?

एक थेंब स्वच्छ बोटावर किंवा स्तनाग्रावर घेतला की बाळ तो चोखून मोकळे होते. उलटून यावे एवढे त्यात काही नसतेच. खोट अशी, की घट्ट तेलाचा थेंब पडायला वेळ लागतो आणि बाटली हलवली की कधी दोन पडतात, म्हणून तो थेट तोंडात न टाकणेच बरे. भरलेल्या दुधाच्या बाटलीतही मिसळू नये, दूध उरले तर औषधही उरते.

घरात औषध देणारे हात अनेक असतील, तर मिलिलिटरवाले कदाचित अधिक सुरक्षित ठरेल. गुळण्या टाकणाऱ्या बाळासाठी मात्र मी थेंबच घेईन, अर्थात बाटलीवरची तीव्रता डॉक्टरांना दाखवून.