वायरलेस माइकला कोणते सेल घालावेत?

कार्यक्रम रंगात आला असताना माइक गप्प झाला, की सगळे माइककडे बघतात. दगा अनेकदा सेलनं दिलेला असतो. त्यामुळे सेल निवडताना तो किती तास चालतो याच्या इतकंच तो संपत आल्याचं वेळेवर कळतं का, हेही बघायला हवं.

अल्कलाइन पेन्सिल सेल या बाबतीत प्रामाणिक. 1.5 व्होल्टपासून दाब हळूहळू उतरत जातो आणि माइकवरच्या बॅटरी मीटरचे दांडेही त्याच्याबरोबर उतरतात. पाकिटात ते वर्षानुवर्षं टिकतात. पण प्रत्येक कार्यक्रमाला नवी जोडी घालायची म्हणजे खर्च सतत चालू, आणि अर्धेमुर्धे वापरलेले सेल साचत जातात ते वेगळंच. शिवाय ते गळतात. माइक महिनाभर पडून राहणार असेल तर सेल काढूनच ठेवा. स्प्रिंगवर पांढरी बुरशी दिसली की ती गळतीच समजा.

रिचार्जेबल निकेल मेटल हायड्राइड सेलवर 1.2 व्होल्ट लिहिलेलं बघून बरेच जण बिचकतात. बिचकण्याचं कारण नाही. माइकमध्ये चालू असताना अल्कलाइनसुद्धा आयुष्याचा मोठा भाग त्याच्याच आसपास काढतो, आणि हा सेल तर जवळजवळ शेवटपर्यंत तिथेच टिकून राहतो. गोम मीटरमध्ये आहे. माइकच्या मेनूत सेलचा प्रकार अल्कलाइनवर राहिला, तर नव्यानं चार्ज केलेली जोडीही आधीच थोडी उतरलेली दिसते, बराच वेळ तशीच राहते आणि मग एकदम कोसळते. हे सेटिंग ज्या माइकमध्ये आहे, तिथे ते बदलायचंच. सेल ‘लो सेल्फ डिस्चार्ज’चे घ्या, साधे पडल्यापडल्या रिकामे होतात. चार्जर प्रत्येक सेलवर स्वतंत्र लक्ष ठेवणारा हवा. जोड्यांवर मार्करनं आकडे टाका आणि 3 नंबरचा जोडीदार 5 नंबरबरोबर कधीच लावू नका, कारण कमजोर सेल दुसऱ्यालाही घेऊन बसतो.

यूएसबीनं चार्ज होणारे 1.5 व्होल्टचे लिथियम सेल मात्र मी स्टेजवर लावत नाही. आतल्या लिथियम सेलचा दाब एक छोटं सर्किट खाली आणून 1.5 वर धरून ठेवतं. त्यामुळे मीटर शेवटपर्यंत भरलेलाच दिसू शकतो आणि माइक इशारा न देता बंद पडतो. शिवाय त्या सर्किटचा खरखराट वायरलेसमध्ये शिरण्याचा धोका असतो.

माइक बनवणाऱ्या कंपनीचाच लिथियम आयन पॅक ही वेगळी गोष्ट. उरलेला वेळ तास-मिनिटांत दाखवणारे पॅक मिळतात, तेवढ्यासाठी जास्तीचे पैसे वसूल होतात. काळजी एवढीच: उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, बराच काळ वापर नसेल तर निम्म्याच्या आसपास चार्ज ठेवा, आणि फुगलेला पॅक पुन्हा चार्जरला लावू नका.

रोज वापर असेल आणि पॅक काढता-घालता येत असेल, तर लिथियम पॅक. आठवड्याला एखाद-दोन कार्यक्रम असतील तर निकेलच्या जोड्या, जोडीला अल्कलाइनचं एक बंद पाकीट. वर्षातून मोजकेच कार्यक्रम असतील तर निव्वळ अल्कलाइन. न उघडता येणारी बॅटरी असलेला कॉलर माइक लांबलचक कार्यक्रमाला एकटा नेऊ नका, तो संपला की बदलायला हातात काहीच उरत नाही. दुसरा ट्रान्समीटर, म्हणजे आवाज पाठवणारा माइकचा भाग, चार्ज करून ठेवा.