एफ१० एम५ की डब्ल्यू२१२ ई६३: घाटातल्या रांगेत कोण कमी छळतं?

नवीन असताना कोटीच्या घरात गेलेली आठ सिलिंडरची सेडान दहा-बारा वर्षांनी एखाद्या नव्या एसयूव्हीच्या पैशांत मिळायला लागते आणि भल्याभल्यांची झोप उडते. त्या टप्प्यावर आला असाल, तर तुमची यादी बहुतेक दोन नावांवर थांबली असेल: बीएमडब्ल्यूची एफ१० पिढीतली एम५ आणि मर्सिडीजची डब्ल्यू२१२ मधली ई६३ एएमजी. शून्य ते शंभरचे आकडे तुम्हाला पाठ असणार. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मर्यादा शंभरची आणि वर कॅमेरे, त्यामुळे ५६० विरुद्ध ५५७ हॉर्सपॉवर हा वाद चहाच्या टपरीपुरता ठीक आहे. दोन्ही गाड्या गरजेपेक्षा चौपट वेगवान आहेत. प्रश्न आहे तो उरलेल्या वेळेचा.

आधी ई६३ कुठली ते ठरवा, कारण एकाच बॉडीत दोन वेगळी इंजिनं आहेत. २०११ च्या आधीची ६.२ लिटर, टर्बो नसलेली. तिच्या आवाजाला तोड नाही, पण सुरुवातीच्या इंजिनांत हेडबोल्ट, म्हणजे इंजिनाचं हेड आवळून धरणारे बोल्ट, तुटायचे, शिवाय कॅमशाफ्ट आणि टॅपेट झिजतात. ती घ्यायची तर हेडबोल्ट बदलल्याचं बिल हातात असल्याशिवाय घेऊ नका. इथे बोलतोय ते नंतरच्या ५.५ लिटर ट्विन टर्बोबद्दल. आणि परदेशी व्हिडिओंत दिसणारी फोरमॅटिक, म्हणजे चारही चाकांना ताकद देणारी ई६३, इथे शोधू नका. उजव्या हाताच्या स्टिअरिंगला त्या पिढीत ती आलीच नाही. म्हणजे आपल्याकडे दोन्ही गाड्यांची ताकद मागच्या दोन चाकांवरच. पहिल्या पावसात, रस्त्यावर तेलाचा तवंग असताना दोन्हींनाही सारखंच सांभाळून घ्यावं लागतं.

इंजिनात खरा फरक आहे तो टर्बोच्या जागेचा. एम५ मध्ये दोन्ही टर्बो सिलिंडरच्या दोन रांगांच्या ‘व्ही’च्या मधोमध, इंजिनाच्या डोक्यावर बसवलेत. त्यामुळे पिकअप झटकन मिळतो, पण उष्णतेला बाहेर पडायला वाट नाही. आसपासचं सगळं रबर आणि प्लॅस्टिक भाजून निघतं: टर्बोच्या कूलंटच्या नळ्या, व्हॉल्व्ह कव्हरचे गॅस्केट, वायरिंगचं आवरण. मे महिन्यात चाळीस अंशांत गाडी बंद केल्यावर पंखा बराच वेळ घोंघावत राहतो. तो बिघाड नाही, पण कूलंटचा गोडसर वास आला तर मात्र आहे. ई६३ मध्ये टर्बो इंजिनाच्या दोन बाजूंना खाली आहेत. तिथलंही तापतं, पण डोक्यावरचं सामान त्यामानाने थंड राहतं. आपल्या हवेत ही गोष्ट कागदावर दिसते त्यापेक्षा जास्त मोलाची आहे असं माझं मत.

एम५ च्या इंजिनाचा दुसरा दुखरा भाग म्हणजे कनेक्टिंग रॉडचे, पिस्टनला क्रँकशाफ्टशी जोडणाऱ्या दांड्याचे, बेअरिंग. सगळ्यांचे जातात असं नाही. पण गेले तर क्रँकशाफ्ट सोबत घेऊन जातात आणि खर्च गाडीच्या निम्म्या किमतीला भिडू शकतो. या इंजिनाला ऑइलची डिपस्टिक नाही, पातळी स्क्रीनवरच बघायची. म्हणून आधीच्या मालकाने स्क्रीनवर विसंबून ऑइल लांबवलं असण्याची शक्यता धरून चाला. ठरलेल्या सर्व्हिसची वाट न बघता दर सात-आठ हजार किलोमीटरला ऑइल बदलल्याची बिलं असतील, तर ती गाडी पाच लाखांनी महाग असली तरी स्वस्त समजा. घेण्याआधी मेकॅनिककडून ऑइल फिल्टर काढून कापून बघा. कागदाच्या घड्या पसरून उन्हात तिरप्या धरा, तांबूस किंवा चंदेरी चकाकी दिसली तर तिथूनच नमस्कार करायचा. जमलं तर ऑइलचा नमुना लॅबला पाठवा, धातूची झीज किती ते कळतं.

ई६३ निर्मळ आहे असं नाही. थंड इंजिन सुरू करताना दोन-तीन सेकंद खडखड येत असेल तर ती टायमिंग चेनची. रात्रभर उभ्या गाडीत चेन टेन्शनरमधलं ऑइल खाली उतरतं आणि दाब यायला वेळ लागतो. सुधारित टेन्शनर आणि हेडमधले चेक व्हॉल्व्ह बसवले की आवाज जातो, पण काम मजुरीचं आहे. वर्षानुवर्षं दुर्लक्ष केलेलं असेल तर चेनही गेली समजा. दुसरी खोड जास्त चोरटी आहे. इंजिनाच्या पुढच्या बाजूला कॅमशाफ्टचे मॅग्नेट आहेत, त्यांच्या आतून ऑइल झिरपतं आणि वायरच्या आतल्या आत केशिकेसारखं चढत पुढे सेन्सरपर्यंत, कधी थेट ईसीयूच्या, म्हणजे इंजिनाच्या संगणकाच्या, प्लगपर्यंत जातं. तपासणी सोपी आहे: इंजिन बंद आणि थंड असताना मॅग्नेटचा प्लग काढा, पांढऱ्या टिश्यूचं टोक पिळून पिनांच्या खोबणीत फिरवा. कोरडा निघाला तर उत्तम. डाग पडला तर ईसीयूकडचा प्लगही उघडायला लावा. तिथेही ओल असेल तर किंमत पाडण्याची ही वेळ नाही, सरळ निघण्याची आहे. तिथे कोरडं असेल तर नवे मॅग्नेट आणि मधे बसणाऱ्या छोट्या जोडवायरी टाकून घ्या. पुढे कधी झिरपलं तरी ती वायर सडेल, गाडीचं मूळ वायरिंग वाचेल.

इथपर्यंत तोलून पाहिलं तर पारडी जवळपास समान आहेत. किंबहुना काही बाबतींत एम५ उजवी आहे. तिचं स्टिअरिंग हायड्रॉलिक आहे, हाताला रस्ता कळतो. ई६३ चं इलेक्ट्रिक, अचूक पण जरा मुकं. एम५ ला चारही बाजूंना स्टीलच्या स्प्रिंग आहेत. ई६३ ला पुढे स्टील आणि मागे हवेचे फुगे. फुगा चिरला की सकाळी गाडीची शेपूट बसलेली दिसते, आणि तशीच चालवली तर कॉम्प्रेसरही जळतो. टायरचंही तेच. एकोणीस इंची रिमवर एम५ चा मागचा टायर २९५/३५, म्हणजे बाजूची भिंत १०३ मिलिमीटर. ई६३ चा २८५/३०, भिंत साधारण ८५. खड्ड्यात हे अठरा मिलिमीटर म्हणजे रिम वाचणं आणि वाकणं यातला फरक. पण एम५ वीस इंची रिमवर असेल तर हा फायदा बराचसा गेला, कारण तिथे भिंत ८८ वरच येते. दिसायला ती रिम भारी आहेत हे मान्य. घेताना मात्र १९ ची शोधा. स्टेपनी दोघींनाही नाही, पंक्चरचं किट आहे. कडा फाटल्यावर ते किट काही कामाचं नाही, तेव्हा गाडी उचलून नेणाऱ्या फ्लॅटबेडवाल्याचा नंबर फोनमध्ये असू द्या.

मग पारडं झुकलं कशाने? गिअरबॉक्सने. आणि तोही मोडण्याच्या भीतीने नाही, रोजच्या चिडचिडीने.

एम५ चा सात गिअरचा ड्युअल क्लच शिफ्ट करतो तेव्हा त्याच्यासारखा तोच. पण ब्रेकवरून पाय काढला की गाडी सरकत नाही. साध्या ऑटोमॅटिकसारखं रांगणं त्यात नाही. ॲक्सिलरेटरला हलकी टिचकी मारली की ती रांगायला लागते, पुढचा टेम्पो थांबला की थांबायचं, पुन्हा टिचकी. मोकळ्या रस्त्यावर हे कळतही नाही. शनिवारी सकाळी बोरघाटात किंवा संध्याकाळी घोडबंदर रोडवर तासभरात हे शंभर वेळा करायचं म्हणजे पायाला नाही, डोक्याला शीण येतो. चढावर आणखी एक भर: थांबून सुटताना गाडी थोडाच वेळ धरलेली राहते, तेवढ्यात ॲक्सिलरेटर दाबला नाही तर मागे घरंगळते. मागे रिक्षा चिकटलेली असते. म्हणून माणूस नकळत ॲक्सिलरेटरवर गाडी तोलून धरतो, क्लच घासतो, तापतो, आणि गिअरबॉक्स गरम झाल्याची सूचना समोर येते. सोसायटीच्या तळघराच्या चढावर रिव्हर्स घेऊन पार्क करायचं असेल तर हाच खेळ उलट्या दिशेने.

आणि लिव्हरवर ‘पी’ नाही. इंजिन बंद केलं की पार्क आपोआप लागतं, पण न्यूट्रलमध्ये बंद केलं तर लागत नाही. हे मालकाला आठवड्यात अंगवळणी पडतं. हॉटेलच्या दारात किल्ली घेणाऱ्या पोराला, सर्व्हिस सेंटरच्या ड्रायव्हरला, घरात दुसरं कुणी गाडी काढणाऱ्याला दर वेळी समजावून सांगावं लागतं. गाडी एकट्याने, रविवारी पहाटे चालवणार असाल तर हा सगळा परिच्छेद सोडून द्या.

ई६३ च्या सात गिअरच्या बॉक्समध्ये साध्या ऑटोमॅटिकमधल्या टॉर्क कन्व्हर्टरऐवजी तेलात बुडालेला एक क्लच आहे, पण त्याला रांगायला शिकवलंय. ब्रेक सोडला की गाडी आपणहून सरकते, ‘सी’ मोडमध्ये तर दुसऱ्या गिअरवर सुटते, धक्का नाही. ‘पी’ला स्वतंत्र बटण. थांबताना दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना कधी हलका झटका जाणवतो. तेल जुनं असेल तर जास्त. साठ हजार किलोमीटरच्या आसपास तेल आणि फिल्टर बदलल्याची नोंद नसेल तर तो खर्च पहिल्या दिवशीच धरा. एम५ च्या क्लचला वेग जास्त आहे हे खरं, पण मी ई६३ कडे वळलो ते या रांगण्यामुळेच.

कागदपत्रांत दोघींना एकच नियम. मालकी बदलायला फॉर्म २९ आणि ३०, कर्ज असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, दुसऱ्या राज्यातली असेल तर फॉर्म २८, म्हणजे तिथल्या आरटीओची एनओसी. दिल्लीची गाडी स्वस्त दिसते ती उगाच नाही. तिथे पेट्रोल गाड्यांवरच्या १५ वर्षांच्या आडकाठीची धास्ती आहे, त्यामुळे जुनी गाडी आधीच खपवायची घाई असते. ती इथे आणली की पुन्हा रोड टॅक्स, आणि आयात गाड्यांचा दर जादा. आधी आरटीओत आकडा काढून घ्या, मग भाव करा. इथलीच २०१२ ची असली तरी १५ वर्षांनी आरसीचं नूतनीकरण, फिटनेस आणि पर्यावरण कर आहेच. गाडी कंपनीच्या नावावर असेल तर सहीचा अधिकार कुणाला, तो ठराव मागा.

पेट्रोलचा मुद्दा थोडक्यात: दोन्हींना ९८ ऑक्टेन आवडतं, त्यामुळे शंभरचं निवडक पंपांवर मिळतं ते भरा, नसेल तर ९५ चं. ही इंजिनं २० टक्के इथेनॉल डोळ्यांसमोर ठेवून बनवलेली नाहीत. गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर टाकीत इथेनॉल मिसळलेलं साधं पेट्रोल ठेवू नका. उभ्या एम५ ची बॅटरी डिकीत हळूहळू उतरते, तेव्हा ट्रिकल चार्जर लावा. बॅटरी बदललीत तर ती गाडीत रजिस्टर करून घ्या, नाहीतर जुन्या बॅटरीच्या हिशेबानेच चार्ज होत राहते.

अजूनही मन एम५ कडेच ओढत असेल तर ते चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. घाटात मोकळा रस्ता मिळाला की त्या स्टिअरिंगपुढे ई६३ जड वाटते. फक्त एम५ च्या इंजिनाचा आवाज थोडाफार स्पीकरमधून येतो हे माहीत असू द्या. कोणतीही ठरवा, पाहायला जाताना विक्रेत्याला आदल्या रात्री निरोप द्या की सकाळी मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. पोचल्यावर आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागला तर चेनची खडखड तुम्हाला ऐकू येणार नाही, तिची सोय विक्रेत्याने करून ठेवलेली असते. त्या दिवशी चहा घ्या, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळी सातला जा.