आकडे चोख की कानाला गोड?

अमळनेरच्या मित्राने नवं घर बांधलं. हॉलसाठी चांगला स्टिरिओ हवा, बजेट लाखभर. शेवटी दोन संच उरले. एकात व्हॉल्व्हचा (जुन्या रेडिओत असायच्या तशा तापणाऱ्या काचेच्या नळ्यांचा) अ‍ॅम्प्लिफायर, ज्याचा आवाज ऐकून तो दुकानात हरखून गेला होता. दुसऱ्यात साधा ट्रान्झिस्टरचा अ‍ॅम्प्लिफायर, डॅक (डिजिटल गाण्याचे आकडे विजेच्या लहरीत बदलणारं यंत्र) आणि मोजमापात सरळ रेघ दाखवणारे, म्हणजे खालचे-वरचे सगळे सूर सारख्याच जोराने वाजवणारे छोटे स्पीकर. ‘कोणता घेऊ?’ म्हणून त्याचा फोन आला. असाच पेच अनेकांपुढे असतो, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर. इथे आकड्यांवर विश्वास ठेवा आणि पैसे वाचवा. सीडीच्या १६ बिटांत सुमारे ९६ डेसिबलचा पल्ला, म्हणजे सर्वांत हळू आणि सर्वांत मोठ्या आवाजातलं अंतर, मावतो. आज काही हजारांत मिळणारा बरा डॅक त्याच्या पुढे जातो. आणि आपलं घर कसं? मे महिन्यात जळगावला पारा ४४-४५ वर, हॉलमध्ये कूलर चालू. माझ्या फोनवर त्या कूलरचा आवाज ५५ डेसिबलच्या आसपास दिसतो. अशा खोलीत डॅकच्या ११० आणि १२० डेसिबल पल्ल्यांतला फरक कोणाच्याच कानाला कळणार नाही. त्या दहा डेसिबलसाठी दुप्पट पैसे मोजू नका.

व्हॉल्व्हचं काय? मोजलं तर तो हरतो, पण गोड लागतो हेही खरं, आणि त्याला कारणं आहेत. त्याच्या विकृतीत, म्हणजे मूळ आवाजात तो स्वतःहून घालतो त्या भरीत, बऱ्याचदा दुसरा हार्मोनिक जास्त असतो, म्हणजे मूळ सुराचाच वरच्या सप्तकातला सूर. मध्य षड्जात तार षड्ज मिसळला तर कानाला खुपत नाही, आवाज भरल्यासारखा वाटतो. दुसरं असं की त्याचा आउटपुट इम्पिडन्स (बाहेर जाणाऱ्या विजेला होणारा आतला अडथळा) बहुधा जास्त असतो, त्यामुळे स्पीकरप्रमाणे काही सुरांचे पट्टे थोडे वर उचलले जातात. तोट्याची बाजूही बघा. ईएल३४ जातीच्या एका व्हॉल्व्हचं नुसतं हीटर, म्हणजे नळी तापवणारी तार, साडेनऊ वॅटच्या आसपास खातं. असे चार म्हणजे गाणं सुरू व्हायच्या आधीच ३८ वॅटची शेगडी पेटली. भुसावळच्या उन्हाळ्यात ती कोणाला हवी? शिवाय व्हॉल्व्ह झिजतात, काही हजार तासांनी बदलावे लागतात.

आम्ही माझ्या घरी दोन्ही अ‍ॅम्प्लिफायर एकाच स्पीकरवर, चादरीआड ठेवून ऐकले. पहिल्या फेरीत सगळ्यांनी व्हॉल्व्हला मत दिलं. मग ४०० हर्ट्‌झचा सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटर धरला, तर व्हॉल्व्हचा आवाज सुमारे एक डेसिबल मोठा निघाला. दोन्ही सारखे केल्यावर तिघांपैकी एकालाही खात्रीने ओळखता येईना. डोळ्यांचाही यात हात असतो. १९९४ मध्ये ध्वनिसंशोधक शॉन ऑलिव्ह यांनी ४० श्रोत्यांना तेच स्पीकर एकदा समोर ठेवून आणि एकदा पडद्याआडून ऐकवले. दिसताना भव्य, महागड्या स्पीकरना मिळालेला वरचढपणा पडद्याआड बराच ओसरला. त्यांचे सहकारी फ्लॉइड टूल आणि ऑलिव्ह यांच्या अशा चाचण्यांत वारंवार हेच दिसलं की न बघता ऐकताना बहुतेकांना समोरून सगळे सूर सारखे देणारा आणि बाजूंना आवाज हळूहळू, एकसारखा उतरत जाणारा स्पीकर आवडतो. म्हणजे स्पीकरच्या बाबतीत मोजमाप आणि आनंद यांचं फारसं भांडण नाही.

तरीही आवड ही खरी गोष्ट आहे. आईकडे कानबाईच्या (खानदेशातल्या देवीच्या) गाण्यांची जुनी कॅसेट होती, ती मी संगणकावर उतरवली. चोख स्पीकरवर लावली तर ती म्हणाली, ‘आवाज फाटेल वाटस’ (फाटल्यासारखा वाटतो). तिचं बरोबर होतं. त्या टेपमध्ये खरखर आहे आणि खर्ज नाही. ट्रेबल थोडा खाली, बास तीन डेसिबल वर केला. दुसऱ्या कडव्यापासून ती सोबत गुणगुणू लागली. पुढची सीडी लावताना मी दोन्ही बटणं शून्यावर आणली. हे मला फार मोलाचं वाटतं. सरळ संचाला हवा तो रंग देता येतो आणि काढताही येतो. व्हॉल्व्हचा रंग सगळ्या गाण्यांना सारखाच लागतो. रात्री हळू आवाजात ऐकताना बास वाढवण्यातही गैर काही नाही. कमी आवाजात कानाला खर्ज कमी ऐकू येतो, हे फ्लेचर आणि मन्सन या शास्त्रज्ञांनी १९३३ मध्येच मोजून दाखवलं.

आता खोली, जिच्याकडे मित्राचं लक्षच नव्हतं. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, जुन्या घरात मातीच्या जाड भिंती, छताचे लाकडी सरे, कोपऱ्यात रचलेल्या गोधड्या. टाळी वाजवली तर घुमत नाही. नव्या घरात स्लॅब, गुळगुळीत टाइल्स, मोठ्या काचा. तिथे कोणताही संच कर्कश वाटेल. मागच्या भिंतीला कापसाची गादी टेकवून बघा, मधला आणि वरचा घुमारा लगेच दबतो. खर्ज मात्र गादीला जुमानत नाही. बारा फूट लांबीच्या खोलीत ४७ हर्ट्‌झच्या आसपासचा सूर भिंतीपाशी फुगतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. सोफा दोन फूट पुढे ओढल्याने जो फरक पडतो, तो मला अ‍ॅम्प्लिफायर बदलून कधी मिळाला नाही.

म्हणून मित्राला सांगितलं: निम्म्याहून जास्त पैसे स्पीकरला, अ‍ॅम्प्लिफायर टोन कंट्रोल असलेला ट्रान्झिस्टरचा, आणि थोडी रक्कम जाड सतरंजी नि पडद्यांना. व्हॉल्व्ह मी त्यालाच सुचवीन ज्याची खोली लहान आहे, स्पीकर ९० डेसिबलच्या वरच्या सेन्सिटिव्हिटीचे, म्हणजे कमी वॅटमध्येही मोठ्याने वाजणारे, आहेत आणि ज्याला ते लालसर तेज बघत गायकी ऐकण्यातच सुख आहे. दुकानात जाताना रोजच्या ऐकण्यातली चार गाणी सोबत न्या. दोन्ही संचांचा आवाज सारखा करून मागा आणि कोणता चालू आहे ते कळू नये म्हणून संचांकडे पाठ करून बसा.