रिबा की एआयए? आर्किटेक्टच्या दोन मोठ्या संस्था

लंडनची रिबा (रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ ब्रिटिश आर्किटेक्ट्स) १८३४ची, अमेरिकेची एआयए (अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स) १८५७ची, त्यामुळे जुनेपणात फार फरक नाही, पण अवॉर्ड देण्याची नजर बरीच वेगळी आहे. रिबाचं रॉयल गोल्ड मेडल १८४८पासून आहे आणि ते जगभरातल्या माणसांना मिळतं, १९८४ला आपले भारतीय आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांना मिळालं आणि २०२२ला आर्किटेक्ट बाळकृष्ण दोशींना, जे मूळ पुण्यात जन्मलेले, आपल्याला अभिमान वाटायलाच हवा! शिवाय रिबाचंच, इमारतीला मिळणारं, १९९६पासूनचं स्टर्लिंग प्राइज, २०१९ला ते चक्क नॉर्विचच्या गोल्डस्मिथ स्ट्रीटला, म्हणजे नगरपालिकेच्या भाड्याच्या घरांना दिलं, हे मला खूप आवडलं कारण साध्या लोकांची घरंपण चांगली असू शकतात हे त्यांनी मान्य केलं.

एआयएचं गोल्ड मेडल १९०७पासूनचं, पण अमेरिकन आर्किटेक्ट ज्युलिया मॉर्गनला ते २०१४ला मरणोत्तर मिळालं आणि ती पहिली बाई, एवढा उशीर खटकतोच. मात्र त्यांचं ट्वेंटी-फाइव्ह इयर अवॉर्ड भारी आहे, बिल्डिंग पंचवीस-पस्तीस वर्षं वापरल्यावर कशी टिकलीय ते बघून देतात, नुसते नवीन फोटो बघून नाही.

सभासदांना शिकत राहण्याची सक्ती दोन्हीकडे आहे, रिबात वर्षाला ३५ तास, एआयएत १८.

मला विचाराल तर मेडलसाठी रिबा, पण ते पंचवीस वर्षांवालं अवॉर्ड आपल्याकडेही कुणीतरी सुरू करा राव!