हातकागदाचे टॅग कापायला कॅमिओ ४

नाशिकच्या मनुका-पाकिटांना किंवा लग्नाच्या आहेराला हातकागदाचा टॅग फार शोभतो. पण सुती लगद्याचे तंतू लांब असतात, त्यामुळे कापणी यंत्रातली साध्या कार्डस्टॉकची (जाड, कडक कागदाची) सेटिंग इथे चालत नाही.

सिल्हूट कॅमिओ ४ या संगणकावर चालणाऱ्या कापणी यंत्राचं ऑटोब्लेड पात्याची खोली १ ते १० आपोआप लावतं, ही मोठी सोय. जाड कागदाला एकदाच जोर लावू नका. दाब मध्यम, वेग कमी आणि फेऱ्या दोन. आधी कोपऱ्यात छोटा चौकोन कापून पाहा. कडेला लव उभी राहिली तर पातं बोथट झालंय किंवा त्याच्या घरात तंतू अडकलेत. ते झटकून काढा.

दोऱ्याचं भोक आधी, बाहेरची कड नंतर. उलट केलंत तर सुटलेला टॅग सरकतो. टोकदार कोपरे फाटतात, ३ मिमी गोलाई द्या. कापून झाल्यावर कागद चिकट कटिंग चटईवरून ओढू नका, चटई उलटी करून तीच वाकवा. पावसाळ्यात दमट कागद पात्यामागे ओढला जातो, म्हणून तो बंद पिशवीतच ठेवा.

फुलांच्या पाकळ्या घातलेला कागद मात्र या यंत्रावर नकोच. पाकळीवर पातं हमखास घसरतं.