संत्र्याच्या सालीचं पिकलिंग इनहिबिटर: थंडीत मस्त, मे मधे ढेपाळलं

हिंगणा एमआयडीसीत आपलं छोटं पिकलिंगचं काम आहे, एमएसचे (साध्या पोलादाचे) जॉब म्हणजे सुटे भाग हायड्रोक्लोरिक ॲसिडमधे बुडवून स्केल म्हणजे वरची ऑक्साइडची पापडी काढायची आणि माल पुढे गॅल्वनायझिंगला (जस्ताचा मुलामा द्यायला) पाठवायचा. ॲसिडनं आतलं लोखंड खाऊ नये म्हणून त्यात इनहिबिटर टाकतात; आधी हेक्झामिन नावाचं रसायन टाकायचो, पण ते ॲसिडमधे हळूहळू फुटतं नि फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो, पोरांचे डोळे चुरचुरायचे, आणि 2004 पासून या वायूला कॅन्सर करणारा म्हणूनच धरतात, म्हणून म्हटलं हे झाडपाल्याचं, संत्र्याच्या सालीच्या अर्काचं बघू. नागपुरात येऊन संत्र्याची साल विकतो म्हणजे डीलरची कमालच ना बाप्पा!

एकाच पट्टीचे दोन तुकडे कापले, घासून काट्यावर तोलले, एक साध्या ॲसिडमधे टाकला नि एक अर्कवाल्यात. साध्यात सोड्याची बाटली उघडल्यासारखे बुडबुडे, दुसऱ्यात तुरळक. हा हायड्रोजन असतो, म्हणजे स्केलसोबत ॲसिड तुमचं लोखंडही खातंय. परत तोलले तं अर्कवाला बराच कमी झिजला होता. अर्कातले रेणू लोखंडाला चिकटून थर करतात नि ॲसिडला आत येऊ देत नाहीत, एवढंच तंत्र आहे. बुडबुडे कमी म्हणून टाकीवरचा धूरही कमी, पोरं खूश.

पण मे मधे पारा 45 वर गेला, वरून टिनाचं शेड, टाकीतलं ॲसिडच गरम, आणि तो थर सुटायला लागला, बुडबुडे परत सुरू. डोस वाढवला तं जॉबवर तपकिरी चिकट थर राहिला, नीट धुतला नाही की तिथे जस्त धरत नाही नि पार्टी माल परत पाठवते. सिंथेटिकवाले याबाबतीत बरे वाटतात.

पावसाळ्यात उघड्या कॅनला बुरशी आली ते वेगळंच, वर एक्स्पायरीच छापली नाही. आणि लेबलवर लिहिलंय ‘गंज कायमचा बंद’, हे साफ खोटं आहे भाऊ, हे फक्त ॲसिडच्या टाकीत काम करतं, जॉब धुवून पावसाळी हवेत ठेवला की दुसऱ्या दिवशी लाल होणारच, तेल लावा नाहीतर लगेच पुढे पाठवा.

पाचपैकी तीन स्टार. थंडीत परत घेईन. घ्यायचं असेल तं आधी दोन तुकडे तोलून बघा आणि छोटा कॅनच मागा, डीलर ड्रम गळ्यात मारायला बघतो.