व्हर्टस जीटीवर पायलट स्पोर्ट ४: पावसाळा, ताम्हिणी आणि चेन्नईचा ट्रॅक

गाडी फोक्सवॅगनची व्हर्टस जीटी, दीड लिटर टीएसआय (टर्बो पेट्रोल) इंजिन, १५० पीएस (मेट्रिक हॉर्सपॉवर). कंपनीचा टायर साइज २०५/५५ आर१६ (रिम सोळा इंची), तोच ठेवला. रुंद टायरचा मोह होतो, पण त्यासाठी स्पीडोमीटरपासून इन्शुरन्सपर्यंत भानगडी कोण मागे लावून घेणार? मिशेलिन पायलट स्पोर्ट ४ घालून अख्खा पावसाळा काढलाय, ट्रॅकवरही जाऊन आलोय, तेव्हा आता लिहायला हरकत नाही.

ट्रॅक म्हटलं की निम्मे लोक सेमी-स्लिक, म्हणजे जवळपास रेसचेच टायर, सुचवतात. पण पुण्याहून चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईला, म्हणजे मद्रास इंटरनॅशनल सर्किटला पोचायलाच जवळपास १२०० किलोमीटर. ट्रेलर नाही. ज्या टायरवर जायचं, त्यावरच ट्रॅकवर फिरायचं आणि त्यावरच घरी यायचं. वाटेत बेळगाव-हुबळीकडे पावसाने गाठलं तर पर्याय नाही. सेमी-स्लिकला खाचा कमी आणि रबर तापल्याशिवाय चिकटत नाही, त्यामुळे साचलेल्या पाण्यात गाडी तरंगायला वेळ लागत नाही. शिवाय २०२० पासून टायरच्या आयातीला परवाना लागतो, त्यामुळे सोळा इंचात मनासारखं काही मिळणंही नशिबावर.

पैसे वसूल झाले ते ताम्हिणीत, भर जुलैत. आधीच्या टायरवर ओल्या वळणातून निघताना पाय जरा जड झाला की चाक जागेवर फिरू न देणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचा दिवा लुकलुकायचा आणि नाक बाहेरच्या बाजूला सरकायचं. आता तो दिवा क्वचित दिसतो. ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणाऱ्या एबीएसची कुरकुरही उशिरा सुरू होते. एक्सप्रेसवेच्या काँक्रीटवर आवाज आहे, पण तिथे कुठलाच टायर गप्प बसत नाही.

ट्रॅकवरची गोष्ट वेगळी. ३.७ किलोमीटरची फेरी, घड्याळाच्या दिशेने, म्हणजे बहुतेक वळणं उजवी आणि सगळा भार डाव्या बाजूला. त्यात गाडी फ्रंट व्हील ड्राइव्ह, म्हणजे पुढच्या डाव्या टायरची शिक्षा ठरलेलीच. रस्त्यावर मी टायर थंड असताना हवेचा दाब ३३ पीएसआय ठेवतो. तेवढ्यावरच ट्रॅकवर उतरलात तर चेन्नईच्या उन्हात काही फेऱ्यांत आकडा चाळिशीकडे जातो आणि गाडी साबणावरून चालल्यासारखी घसरते. म्हणून थंड २८-२९ वर सुरुवात, पिटमध्ये (ट्रॅकशेजारी थांबायची जागा) आल्या आल्या गेज लावायचं आणि गरम ३५-३६ च्या वर असेल तेवढी हवा सोडायची.

सगळ्यात कामाची वस्तू म्हणजे साधा खडू. टायरच्या खांद्यावर, ट्रेडपासून (रस्त्याला टेकणारा भाग) साइडवॉलपर्यंत (टायरची बाजू) उभी रेघ ओढा आणि सेशननंतर बघा. रेघ साइडवॉलवर उतरून पुसली गेली असेल तर टायर दुमडतोय, हवा कमी आहे. ट्रेडच्या कडेलाही शाबूत असेल तर हवा जास्त. माझ्या पुढच्या डाव्या टायरवर साइडवॉलवर नखभर पुसली होती, मागच्यांवर जवळपास जशीच्या तशी. परतीला निघण्याआधी हवा पुन्हा भरा, हे मात्र विसरू नका. कमी हवेवर हायवे म्हणजे टायर आतून भाजणं.

रस्त्याचा टायर आहे, त्यामुळे तीन-चार जोरदार फेऱ्यांनंतर ग्रिप मवाळ होते. एक फेरी हळू मारली की सुधारते. बाहेरच्या कडा झिजल्यात, पण तो दोष व्हर्टसच्या स्टॉक कॅम्बरचा (चाकांचा आत-बाहेर कल) आणि माझ्या उशिरा ब्रेक मारण्याच्या सवयीचा. परतल्यावर अलाइनमेंट करून टायर पुढचे मागे घेतले. बाजूवर छापलेला ट्रेडवेअर, म्हणजे टायर किती टिकेल याचा आकडा, ३२० आहे. तो आकडा कंपनी स्वतःच ठरवते, तेव्हा दुसऱ्या ब्रँडशी तुलना करून भांडू नका.

विकत घेताना बाजूवरच्या डॉट (DOT) कोडचे शेवटचे चार आकडे वाचा: २३२५ म्हणजे २०२५ चा तेविसावा आठवडा. मला पहिल्या दुकानात दीड वर्ष पडून असलेला सेट 'फ्रेश स्टॉक' म्हणून दाखवला होता. चारही टायरचे आकडे एकेक करून बघा, एकच बघून समाधान मानू नका. पुढचा सेटही बहुधा हाच घेईन. वर्षातून चार-पाच ट्रॅक डे जमायला लागले तरच जास्तीच्या रिम्स आणि त्यावर सेमी-स्लिक, पण मग ते न्यायला ट्रेलरही आला.